कस्तुरा नांदायला जात नाही

पुरस्काराच्या बाहुल्या दर श्रावणात माहेरी येतात, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेच पुन्हा कागदावर उतरवून कुणाचं काय भलं होणार, ते मंडळालाच माहीत. पण पंचगंगा चित्र मंडळाला साठ वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार, आणि तीत 'एक अनुभव' पाहिजेच, असा ती काढणाऱ्या स्मिताबाईंनी तीनदा निरोप धाडला. चौथ्यांदा स्वतः आल्या आणि पदर सावरत भट्टीसमोर उभ्या राहिल्या. वर अट घातली, "'मी, मी' करू नका. स्मरणिकेत बरं दिसत नाही. त्रयस्थासारखं लिहा." चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला त्रयस्थ म्हणजे काय हे कळायलाच एक दिवस गेला. असो. तर निवृत्ती ओतारी नावाचा एक म्हातारा होता, आणि अजून आहे.

निवृत्ती मंडळाच्या बाहुल्या ओततो. बाहुली दीड वीत उंच, भरीव पितळेची, नेसती साडी, आणि डोक्यावर चुंबळ घेऊन त्यावर घागर ठेवावी तशी फिल्मची चकती. हे काम आधी त्याचा बाप करायचा. मंडळाचा पहिला समारंभ एका शाळेच्या हॉलमध्ये झाला आणि पंधरा मिनिटांत उरकला. निकाल आठवडाभर आधीच पेपरात आला होता, त्यामुळं जिंकलेले तेवढे आले. हरलेले कशाला येतात? पुढं पाकिटाला लाखेची मोहोर लावायची पद्धत पडली, कारण एका साली निकाल न्हाव्याच्या दुकानात फुटला आणि हरलेला खलनायक अर्धी दाढी तशीच ठेवून उठून गेला.

पहिल्या चिटणीसानं नियमात लिहिलं होतं, 'विजेत्यास बाहुली दिली जाईल.' निवृत्तीच्या आईनं ते ऐकलं आणि हातातला तवा खाली ठेवला. "दिली? कुणाच्या घरात दिली? माणसं कशी हायत?" तिला कुणी नीट उत्तर देईना, तेव्हा तिनं पाचही बाहुल्यांची ओटी भरली आणि डोळे पुसले. चिटणीस शिकलेला माणूस होता. त्यानं 'प्रदान करण्यात येईल' असं लिहिलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. त्या श्रावणात पंचमीच्या आदल्या दिवशी पाचही जणी दारात उभ्या. एकीच्या चकतीवर प्रवासाची धूळ बसली होती.

तेव्हापासून पंचमीला मंडळ त्यांना आणायला मुराळी धाडतं आणि गणपती बसायच्या आत त्या आपापल्या घरी परत जातात. लढाईच्या साली पितळ मिळेना म्हणून बाहुल्या शाडूच्या केल्या होत्या. त्या जिवानं फार नाजूक. त्यांना अजूनही पावसातून आणत नाहीत, पत्र पाठवून खुशाली विचारतात.

आणखी एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पूर्वी विजेते भाषण करायचे. एक दिग्दर्शक आभार मानता मानता आजोळच्या म्हशीपर्यंत पोचला, तेव्हा मंडळानं भाषणं बंद केली आणि उखाणा ठेवला. दोन ओळी म्हणायच्या, त्यात बाहुलीचं नाव आलं पाहिजे. प्रत्येकीला नाव असतं. ते निवृत्तीची बायको सगुणा ठेवते आणि निवृत्ती पायाखाली कोरतो. विजेत्याचं नाव पुढच्या पट्टीवर असतं. विजेते पुढची पट्टी वाचतात, पायाखाली कोण बघतो?

गेल्याच्या गेल्या साली नऊ नंबरची बाहुली, कस्तुरा, पुण्याच्या जयकुमार रेठरेकरांना दिली. त्यांनी मुक्या पोस्टमनचं काम केलं होतं आणि ते चांगलं केलं होतं, हे निवृत्तीही मान्य करतो. पण स्टेजवर आल्यावर त्यांना बोलावं लागलं. त्यांनी कॉलर सारखी केली, डोळे मिटले आणि म्हणाले,

"टाळ्यांच्या कडकडाटात उजळून गेली रात्र, चंद्रिकेचं नाव घेतो, मीच याला पात्र."

टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत सगुणानं निवृत्तीला कोपर मारलं. "आवो, ही चंद्रिका कोण?"

"आसंल येखादी."

"आसंल काय! आपली कस्तुरा हाय. उठा, सांगा त्यास्नी."

निवृत्तीच्या हातात नुकतीच बटाटेवड्याची बशी आली होती. "एवढ्या लोकांत कुठं उठू? घरी गेल्यावर कळंल त्याला," असं म्हणून तो खाली बघून वडा खाऊ लागला.

पुढच्या साली, पंचमीला चांगले आठ दिवस असताना, कस्तुरा दारात आली. एकटीच. चकती काखेत धरलेली.

"मुराळी कुठाय?" निवृत्तीनं विचारलं.

"वाट बघितली न्हाई."

"मग आलीस कशी?"

"येष्टीनं. कंडक्टर म्हणला हाफ तिकीट, डायव्हर म्हणला लगेज. साताऱ्यापतुर दोघं भांडले. मग म्हणले, बस खिडकीला."

सगुणानं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला चिंचेनं घासायला घेतलं. घासताना बायका बोलतात, तशी ती बोलली. पुण्यात तिला दाराला लावली होती. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून.

"काय म्हणायचं या मानसाला!" सगुणा म्हणाली.

"त्याचं काय न्हाई गं आई. हुभं ऱ्हायाचाच जन्म माझा. दाराशी चार मानसं तरी दिसत्यात. पण हाक मारत्यात ती चंद्रिका म्हणून."

चंद्रिका ही जयकुमारांना मुंबईच्या एका सोहळ्यात मिळालेली मूर्ती. ती काचेच्या कपाटात, दिव्याखाली. "तिच्याशी माझं भांडान न्हाई," कस्तुरा म्हणाली. "बिचारी आतनं पोकळ हाय. पर माझ्यावर धूळ बसली की म्हणत्यात, चंद्रिके, काय ही दशा! एक वरीस ऐकलं. आता न्हाई जायची."

पंचमी झाली. बाकीच्या आल्या, झिम्मा खेळल्या, पत्र्याच्या शेडमध्ये असा आवाज झाला की शेजारचा शिंपी दोन दिवस दुकान बंद ठेवून गावाला गेला. मग एकेक जण परत गेली. कस्तुरा फळीवर बसून राहिली. चौथ्या दिवशी मंडळाचं पत्र आलं. 'विषय : बाहुली क्र. ९ माहेरी थांबल्याबाबत.'

पत्राच्या मागोमाग, कस्तुरा परड्यात उन्हाला बसली असताना, चिटणीस अच्युतराव खटावकर आले. हे कचेरीत हेडक्लार्क होते. कचेरी सुटली, पण कचेरीनं त्यांना सोडलेलं नाही. ते उभ्या उभ्या म्हणाले, "ओतारी, बाहुली नांदत नाही, म्हणजे बाहुलीत खोट आहे."

हा शब्द निवृत्तीच्या छातीत बसला. ओतकामात खोट म्हणजे पितळेत भेसळ, नाहीतर आत बुडबुडा राहिलेला. चांगल्या बाहुलीला टिचकी मारली की 'टण्' वाजते, खोट असली की 'बद्द'. निवृत्तीनं शेहेचाळीस वर्षांत एक बद्द बाहुली घराबाहेर पडू दिली नव्हती. आणि लेकीत खोट आहे म्हणणं काय असतं, ते कोल्हापुरात सांगायला नको.

"खोट न्हाई," तो म्हणाला.

"मग पाठवा चतुर्थीच्या आत."

"ती जात न्हाई."

"म्हणजे खोट आहे. खोट असल्यास नियम चौदा. पुढच्या सालापासून ओतकाम परगावच्या कारखान्याला. त्यांचं पत्र आलेलंच आहे. प्लास्टिकवर सोनेरी मुलामा. वजनाला हलक्या, आणि माहेरी येत नाहीत."

"का येत न्हाईत?" सगुणानं विचारलं.

"त्यांना माहेरच नाही," अच्युतराव म्हणाले आणि चहा न घेता गेले.

आता निवृत्तीची पंचाईत बघा. खोट नाही म्हणावं, तर लेक त्या दाराशी परत जाणार. खोट आहे म्हणावं, तर लेक राहणार, पण बापाची आणि त्याची स्वतःची मिळून साठ वर्षांची भट्टी विझणार. तो दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. तसा तो एरवीही बोलत नाही, पण सगुणाला फरक कळला.

चतुर्थीच्या आधी तीन दिवस मंडळाची सभा भरली. कार्यक्रम पत्रिकेत विषय एक, मागील सभेचे इतिवृत्त. विषय दोन, बाहुली क्र. ९. विषय तीन, चहा. टेबलाच्या एका बाजूला अच्युतराव, दुसऱ्या बाजूला गॉगल कपाळावर चढवलेले जयकुमार, मध्ये कस्तुरा. निवृत्ती स्टुलावर. सगुणाला सभासद नसल्यामुळं दाराबाहेर बसवलं होतं, दार मात्र उघडं होतं.

"नियमाप्रमाणे आधी तपासणी," असं म्हणून अच्युतरावांनी खिशातली कपाटाची किल्ली काढली आणि कस्तुराच्या खांद्यावर मारली.

बद्द.

सगळे निवृत्तीकडं बघायला लागले. अच्युतरावांनी दुसऱ्यांदा मारली. बद्द. वाळलेल्या भोपळ्यावर मारल्यासारखा आवाज.

"तिनं श्वास धरलाय," निवृत्ती म्हणाला. ओतणाऱ्याला ते नुसतं बघून कळतं.

"इतिवृत्तात श्वास असा रकाना नाही," अच्युतराव म्हणाले. "ओतारी, एका शब्दात सांगा. खोट आहे की नाही?"

कस्तुरा समोर बघत होती. तिला घरी राहायचं होतं, म्हणून ती बद्द वाजत होती, आणि बापाचं त्यात काय जातंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. निवृत्तीच्या तोंडावर आलं होतं की कस्तुरा, सोड श्वास, वाज एकदा, माझी लाज राख. ते त्यानं गिळलं. उभा राहिला.

"खोट हाय," तो म्हणाला.

दाराबाहेर सगुणाच्या बांगड्या वाजल्या.

"पर पितळंत न्हाई. माझ्यात हाय. ह्येनी त्या दिवशी भलतीचं नाव घेतलं. मी ऐकलं. बायकूनं कोपार मारलं तरी मी उठलो न्हाई. वडा खात बसलो. बापानं तितं उठाय पायजे हुतं. खोट माझी हाय, तिची न्हाई."

अच्युतरावांनी फक्त पहिले दोन शब्द ऐकले. त्यांनी वहीत लिहिलं, मोठ्यानं म्हणत लिहिलं, "ओतकाम करणाऱ्याने... खोट... मान्य केली."

तेव्हा कस्तुरानं श्वास सोडला.

किल्ली अच्युतरावांच्या हातातच होती, कुणी मारली नव्हती. कस्तुरा आपणच वाजली. आधी पायाकडनं, मग कमरेतनं, मग डोक्यावरच्या चकतीतनं असा टणत्कार उठला की खिडकीची तावदानं थरथरली आणि जयकुमारांचा गॉगल कपाळावरून नाकावर आला. आवाज विरायला बराच वेळ लागला. सभेनं तो विरेपर्यंत थांबून घेतलं.

"माझ्या बापात खोट?" कस्तुरा म्हणाली. "ल्ह्या त्येच्यात. आवाज कसा आला ते बी ल्ह्या."

अच्युतराव थोडे गडबडले, पण सावरले. "आवाज चांगला आहे. म्हणजे बाहुली निर्दोष. निर्दोष बाहुलीने परत जावे, असे ठरते."

"जाते की," कस्तुरा म्हणाली आणि तिनं चुंबळ नीट केली. "पर आदी त्यास्नी माझं नाव घ्याय सांगा. त्या दिवशी ऱ्हायलं हुतं."

जयकुमार उठले. त्यांनी कॉलर सारखी केली, डोळे मिटले. मिटायच्या आधी तिला उचलून पायाखाली बघितलं असतं तरी भागलं असतं. ते म्हणाले,

"पंचगंगेच्या काठावरती आंब्याला आला मोहर, चंद्रिकेचं नाव घेतो, सगळ्यांच्या समोर."

कुणी टाळी वाजवली नाही. बाहेरून सगुणा म्हणाली, "घ्या! सवतीचंच घेतलं."

"मी घाईत आलो," जयकुमार म्हणाले. "मला संवाद आधी लेखी लागतात."

अच्युतरावांनी नियमांची वही काढली आणि चष्मा बदलला. "नियम सात. बाहुलीचे नाव घेतल्याशिवाय ती दिली असे धरता येणार नाही. म्हणजे दिलेली नाही. दिलेली नसल्यास परत पाठवता येत नाही. तथापि नियम अकरा. विजेता व बाहुली तीन वर्षे एका छताखाली राहतील, अन्यथा पुरस्कार रद्द."

"रद्द?" जयकुमारांचा आवाज बारीक झाला. "अहो, माझ्या नावाआधी छापलंय ते. पुरस्कारविजेते. नव्या पिक्चरच्या पोस्टरवर नावापेक्षा ते मोठं आहे!"

"एका छताखाली," अच्युतराव पुन्हा वाचू लागले. मग थांबले. पान उलटून मागं बघितलं. "कुणाचे छत, याचा उल्लेख नाही."

"मग आमचं छत काय गळतंय व्हय?" सगुणानं दारातून विचारलं.

जयकुमारांनी निवृत्तीकडं बघितलं, निवृत्तीनं त्यांच्याकडं. दोघांनाही एकमेकांत बघण्यासारखं काही दिसलं नाही.

"म्हणजे मी... घरजावई?"

"नियमात तो शब्द नाही," अच्युतराव म्हणाले. "मी 'निवासी विजेता' असे लिहितो. हरकत? नाही. ठराव मंजूर. विषय तीन."

चहा आला.

जयकुमार चतुर्थीच्या आदल्या दिवशी एक बॅग आणि एक आरसा घेऊन आले. त्यांची पथारी माळ्यावर, मेणाच्या पाट्यांशेजारी घातली. पहिला आठवडा ते खाली उतरले की विचारायचे, "मला कुठे उभं राहायचंय?" निवृत्ती म्हणायचा, "जितं वाटंत येणार न्हाईसा तितं." दुसऱ्या आठवड्यात भाता मारणारा माणूस तापानं पडला आणि भट्टी लागलेली. जयकुमारांनी भाता धरला. त्यांना लय होती, हे निवृत्तीला मान्य करावं लागलं. मुक्या माणसाचं काम चांगलं करतात म्हटलं होतं, ते खरंच होतं. भाता मारताना बोलावं लागत नाही. शूटिंग असलं की जातात, संध्याकाळी परत येतात, मेकअप राखेनंच निघतो म्हणतात.

नाव मात्र चुकत राहिलं. दिवाळीपर्यंत ते तिला चमेली म्हणाले, कावेरी म्हणाले, एकदा चुकून सगुणाच म्हणाले आणि त्या दिवशी जेवायला उशिरा मिळालं. मग एक दिवस नव्या सालच्या बाहुल्या ओतून झाल्यावर निवृत्तीनं पहिली बाहुली पालथी केली आणि नाव कोरायला छिन्नी लावली. जयकुमार बघत राहिले.

"पायाखाली लिहिता?"

"मग काय कपाळावर?"

ते उठले, फळीपाशी गेले, कस्तुराला हात जोडले आणि म्हणाले, "जरा उचलू का?" ती म्हणाली, "उचला." त्यांनी वाचलं. मग हात पुसले, कॉलर नव्हती म्हणून बंडी सारखी केली, डोळे उघडे ठेवले.

"चिंचेनं घासलं पितळ, राखेनं आलं तेज, कस्तुराचं नाव घेतो, भाता मारतो रोज."

कस्तुराची चकती थोडी वाजली. सगुणानं घाईघाईनं चुलीत नसलेला धूर डोळ्यातून काढला.

"घेतलंसा नाव," कस्तुरा म्हणाली. "नियम सात झाला. आता जायाचं का पुण्याला?"

"भट्टी लागलीय," जयकुमार म्हणाले. "उद्या बघू."

तो उद्या अजून आलेला नाही. पुढच्या श्रावणात पंचमीला सगळ्या आल्या. झिम्मा रंगात आला असताना निवृत्तीनं दाराकडं बघितलं, तर बाहेर आणखी एक उभी. उंच, चकचकीत, हातात काही धरावं अशी सोय नसलेली. ती पोकळ आवाजात म्हणाली, "मी चंद्रिका. कपाट बंद करून सगळे गेले. मला माहेर नाही."

निवृत्ती काही बोलायच्या आत सगुणानं भाकरतुकडा आणला होता. "बाहेर का हुभी? ये आत." कस्तुरा फळीवर थोडी सरकली. टिचकी मारली तर चंद्रिका बद्दच वाजते, पण या घरात तिला कुणी टिचकी मारत नाही.

ओतकाम निवृत्तीकडंच आहे. परगावच्या कारखान्याला नकाराचं पत्र गेलं, त्याची नक्कल फाइलला आहे. नियम अकराची तपासणी म्हणून चिटणीस दर महिन्याच्या एक तारखेला येतात. विजेता आणि बाहुली एका छताखाली आहेत का बघतात, वर छताकडंही बघतात, सही घेतात, आता चहाही घेतात, आणि सगुणानं दिला तर लाडूही. वहीत अजून तेच वाक्य आहे, 'ओतकाम करणाऱ्याने खोट मान्य केली.' त्याच्या खाली टणत्काराची एक ओळ नाही. ते वाक्य खोडा म्हटलं तर म्हणतात, इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही. बरं, खोडू नका. निदान तोंडानं तरी म्हणा की ओतारी, मी चुकलो. तेही नाही. दाराशी चपला घालताना दर वेळी कस्तुरा फळीवरून विचारते, "काय ऱ्हायलंय का बोलायचं?" आणि ते म्हणतात, "नाही, सगळं झालं."

स्मिताबाई म्हणाल्या होत्या, कुणाचं नाव घेऊन संपवू नका. पण नाव न घेतल्यानं काय होतं ते या घरानं बघितलेलं आहे. निवृत्ती ओताऱ्याची माफी मागायची राहिलेला माणूस म्हणजे अच्युतराव खटावकर.